खाऱ्या वाऱ्यातलं धातूचं फर्निचर: गुहागरच्या घरातला अनुभव

गेल्या दिवाळीनंतर घेतलेल्या या सामानाने एक अख्खा उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा काढला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. घर गुहागरला, समुद्राला लागून असलेल्या वाडीत. मधे सुरूची झाडं, पलीकडे पुळण. संध्याकाळी खिडकीच्या काचेवरून बोट फिरवलं तरी चिकट लागतं, इतकी हवा खारी. घेतलं ते असं: पावडर कोटिंग केलेल्या (म्हणजे रंगाची भुकटी भट्टीत भाजून चढवलेल्या) एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या खुर्च्या आणि टेबल, अ‍ॅल्युमिनियमचा सोफा, आणि पडवीतल्या झोपाळ्याला स्टेनलेस स्टीलच्या कड्या.

लोखंडाच्या सपाट भागावरचं कोटिंग आजही चांगलं आहे. गंज धरला तो वेल्डिंगच्या सांध्यांत आणि पायांच्या टोकांना. पायात बसवलेल्या रबरी बुशीत पाणी साठून राहतं, आणि पाइपच्या आतल्या बाजूला कोटिंग नसतंच, त्यामुळे पाय आतून कुजतो. बाहेरून दिसतो तो एक बारीक फुगा. नखाने खरवडला की पापुद्रा निघतो आणि खालचा गंज फुग्याच्या कितीतरी पुढे सरकलेला असतो. लादीवर तांबडे गोल उमटायला लागले की समजायचं.

सगळ्यात नवल वाटलं ते पुढचं. खळ्यात चार महिने पाऊस खाल्लेल्या खुर्च्या पडवीतल्या खुर्च्यांपेक्षा बऱ्या आहेत! कारण साधं आहे. पाऊस मीठ धुऊन नेतो. छपराखाली ते साचत जातं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं आणि धातूवर खारट ओल धरून ठेवतं. आमच्याकडे पहाटे तेवढी आर्द्रता ही रोजचीच गोष्ट. तेव्हा ‘आत ठेवलंय, सुरक्षित आहे’ या भरवशावर राहू नका.

झोपाळ्याच्या कड्या ३०४ ग्रेडच्या, म्हणजे स्टेनलेसच्या नेहमीच्या जातीच्या. त्यांवर चहासारखे तपकिरी डाग पडले. घासले की जातात, पुन्हा येतात. ताकदीला अजून धक्का नाही. समुद्राजवळ खरा टिकतो तो ३१६ ग्रेड, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, त्याला भुलू नये. स्वस्तातलं २०२ स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. बोल्ट घेताना डोक्यावरचा छाप बघा: ए२ म्हणजे ३०४ च्या जातीचा, ए४ म्हणजे ३१६ च्या. आणि तारेच्या घासणीने स्टेनलेस घासू नका, लोखंडाचे कण मागे राहतात आणि तेच गंजतात.

अ‍ॅल्युमिनियमचा सोफा या सगळ्यांत उजवा. फक्त स्टीलचे स्क्रू थेट आवळलेत तिथे पांढरी भुकटी येऊन कोटिंग उचललं गेलंय. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, दुसरं काय होणार? नायलॉनचे वॉशर घालून घेतले, तेव्हापासून वाढलेलं नाही. सामान हलकं असल्याने वादळी वाऱ्यात मात्र बांधून ठेवावं लागतं. गाद्यांच्या धातूच्या चेन तर पावसाळ्याआधीच जाम झाल्या. प्लॅस्टिकच्या मागायला हव्यात, पण हे दुकानात कोणाला सुचतं?

निगा म्हणजे कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुणं, पडवीतलं सामान आधी. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होत असेल तर ते नको, नळाचं वापरा.

पुन्हा घ्यायचं झालं तर बसायचं सगळं अ‍ॅल्युमिनियमचंच घेईन. लोखंड हवंच असेल तर आधी हॉट डिप गॅल्व्हनाइझ करून (वितळलेल्या जस्तात बुडवून) मग पावडर कोटिंग, आणि पायांची टोकं वेल्डिंगने बंद केलेली. फॅब्रिकेटर याला कुरकुर करतो, कारण गॅल्व्हनाइझिंगला माल बाहेर पाठवावा लागतो. तरी ऐकू नका. नुसत्या रेडऑक्साइडवर, म्हणजे तांबड्या प्रायमरवर, रंग मारून दिलेली खुर्ची इथे फुकट मिळाली तरी घेणार नाही.