चोवीस तासांत मॉडेल कार : उघडणारे बॉनेट की बंद बॉनेट?

प्लास्टिकच्या सुट्या भागांच्या किटचे सीलबंद खोके उघडल्यापासून २४ तासांच्या आत छोटी मॉडेल गाडी रंगासह पूर्ण करून टेबलावर ठेवायची, असा बेत करणाऱ्याला किट निवडताना एक प्रश्न हमखास पडतो. बॉनेट उघडल्यावर इंजिन दिसेल असे किट घ्यावे, की बॉनेट बॉडीतच ओतलेले, इंजिन नसलेले, म्हणजे ज्याला आपण कर्बसाइड म्हणतो ते घ्यावे? अमेरिकी घडणीची १/२५ ची (म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या भागाएवढी) पुष्कळशी किट पहिल्या प्रकारची असतात आणि जपानी १/२४ ची बरीचशी दुसऱ्या प्रकारची. फुजिमीच्या एन्थुझिअस्ट मालिकेतल्या पोर्श ९११ सारखे अपवाद आहेतच. मी दोन्ही प्रकार घड्याळ लावून केलेले आहेत आणि निवडीच्या उंबरठ्यावर असलेल्यांना त्या अनुभवाचा उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

केवळ भागांची संख्या मोजून निर्णय घेऊ नये, असे मला आधी सुचवावेसे वाटते. उपलब्ध वेळेचा मोठा हिस्सा बॉडीचा रंगच खातो, आणि तो दोन्ही किटमध्ये जवळजवळ सारखाच असतो : साच्याच्या रेघा घासणे, साबणाच्या पाण्याने बॉडी धुणे, प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर), रंगाचे तीन-चार हलके हात आणि मग क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर. लॅकर प्रकारचा रंग अर्ध्या तासात कोरडा झाल्यासारखा वाटतो खरा, परंतु खालच्या थरांतला सॉल्व्हंट (रंगातला उडून जाणारा द्राव) पूर्णपणे उडून जायला कित्येक तास लागतात आणि तोपर्यंत बॉडी जरा घट्ट धरली तरी बोटाचा ठसा उमटतो. इनॅमल प्रकारचा रंग तर सॉल्व्हंट उडाल्यानंतर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन हळूहळू कडक होतो, त्यामुळे या वेळेत तो माझ्या मते बसतच नाही. म्हणजे किट कोणतेही असो, मधले पाच-सहा तास बॉडीला हात लावता येत नाही. इंजिनाच्या किटमध्ये हे तास सत्कारणी लागतात, आणि ही त्याची जमेची बाजू मी मनापासून मान्य करतो.

ते काम आनंदाचेही असते. इंजिनाच्या ब्लॉकचे दोन अर्धे एकमेकांना टेकवून पातळ सिमेंटचा, म्हणजे प्लास्टिक जोडणाऱ्या द्रवाचा, ब्रश फटीला नुसता लावला, की सिमेंट आपोआप फटीभर धावत जाते आणि जोड क्षणभर ओला चमकून पकडतो. चकचकीत क्रोमचा मुलामा दिलेल्या भागांवर मात्र सिमेंट धरत नाही, म्हणून जोडाच्या जागी मुलामा ब्लेडने खरवडून खालचे प्लास्टिक उघडे करावे लागते. एकेका भागाला हे मिनिटभराचे काम असले, तरी व्हॉल्व्ह कव्हर, एअर क्लीनर (इंजिनाच्या माथ्यावरची हवेची गाळणी), पंख्याची पुली असे करता करता अर्धा तास जातो. काळ्या ब्लॉकच्या कडांवरून जवळजवळ कोरडा चंदेरी ब्रश फिरवल्यावर ओतीव लोखंडाचा जो भास होतो, तो कर्बसाइड करताना मिळत नाही, हेही खरे.

मला अडवले ते बॉनेटने. एका जुन्या अमेरिकी व्ही-८ गाडीचे किट करताना मी बॉनेट रंगापूर्वी बॉडीवर ठेवून पाहिले होते आणि ते चारही कडांना व्यवस्थित बसले होते. मात्र तेव्हा बॉडी रिकामी होती. विसाव्या तासाच्या आसपास चासी (गाडीचा तळाचा सांगाडा), इंजिन आणि बॉडी एकत्र केल्यावर बॉनेट पुढून टेकत होते आणि काचेकडची कड वर राहत होती. एअर क्लीनर बॉनेटच्या आतल्या बाजूला लागत होता. फट साधारण अर्ध्या मिलिमीटरची असावी, पण १/२५ च्या प्रमाणात अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर साडेबारा मिलिमीटर, अर्थात जवळजवळ बोटभर उघडे राहिलेले बॉनेट. कारण शोधले तेव्हा इंजिन माउंटवर चिकटवताना ते किंचित मागून उंच राहिल्याचे दिसले. त्यात बॉनेटच्या आणि बॉडीच्या अशा दोन्ही कडांवर रंगाचे थर चढल्यामुळे मुळात नेमकी असलेली फट आणखी अरुंद झाली होती. एअर क्लीनर काढून त्याचा तळ घासला, बॉनेटची आतली बाजू घासली, आणि पुन्हा बसवताना हलकेच दाबले, तर डाव्या कोपऱ्यावरचा रंग नखाएवढा उडाला. हाती तीन तास उरले होते, आणि तेवढ्यात नवा हात देऊन तो वाळवणे शक्य नव्हते. ती गाडी मी बॉनेट उघडे ठेवूनच पूर्ण केली. रात्रभर ज्या बॉडीला जपले होते, तिची सगळ्यात मोठी सपाट बाजू नीट दाखवता आली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले.

कोणी म्हणेल की ही माझी जोडणीतली चूक होती, आणि त्यात तथ्य आहे. तरीही सवडीने करताना अशी चूक दुसऱ्या दिवशी सुधारता येते. घड्याळ लावलेले असताना ती नेमकी शेवटच्या टप्प्यात उघडकीस येते, आणि तोपर्यंत परतीची वाट बंद झालेली असते. शिवाय सुटे बॉनेट इतरही मागण्या करते. मेटॅलिक रंग असेल तर त्यातले कण फवाऱ्याच्या दिशेनुसार बसतात, त्यामुळे बॉनेट वेगळे धरून रंगवले तर त्याची छटा फेंडरपेक्षा निराळी दिसते. ते आतून टेपने बॉडीलाच अडकवून एकत्र फवारणे हाच त्यातल्या त्यात सुरक्षित उपाय. इंजिनाच्या कप्प्याला वेगळा रंग द्यायचा तर मास्किंग, म्हणजे बाकीचा भाग टेपने झाकणे, आले, आणि मास्किंग आले म्हणजे वाळण्याची आणखी एक फेरी आली.

कर्बसाइडमध्ये यातले काहीच नसते. बॉडी एकसंध असल्याने ती चासीवर बसली की काम झाले, आणि मोकळे मिळालेले तास मी डॅशबोर्ड, सीट आणि खिडक्यांच्या काळ्या कडांना देतो. त्यातही उणिवा आहेत. पूर्वी मोटर आणि बॅटरी बसवण्यासाठी काढलेल्या जुन्या साच्यांत गाडीचा आतला भाग उथळ असतो, आणि ते काचेतून कळते. दाखवायला इंजिन नसल्यामुळे पाहणाऱ्याची सगळी नजर रंगावर आणि काचांवर जाते. म्हणून काचांना सुपरग्लू लावू नये, त्याच्या वाफेने त्या पांढुरक्या होतात, तिथे वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंदच बरा. आणखी एक गोष्ट, कर्बसाइड म्हणजे प्रत्येक वेळी झटपट असे समजू नये. १९९१ मध्ये ले माँची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या माझदा ७८७बीसारखी नारिंगी-हिरवी शर्यतीची गाडी निवडली, तर दोन रंगांच्या सीमा आणि डिकल (गाडीवर चिकटवायची छापील चित्रे-अक्षरे) मिळून इंजिनाइतकाच वेळ घेतील. साधी, एकरंगी, रस्त्यावरची गाडी घेतली तरच या प्रकाराचा खरा फायदा पदरात पडतो.

ज्याचा हात इंजिनावर बसलेला आहे आणि ज्याने तेच किट पूर्वी एकदा सवडीने केले आहे, त्याला मी इंजिनाचे किट घेऊ नका असे म्हणणार नाही. रंग वाळण्याचे तास त्याच्याइतके चांगले कोणी वापरणार नाही. पहिल्यांदाच वेळ लावून बसणाऱ्याने मात्र शक्यतो कर्बसाइड घ्यावे, असे मला वाटते, आणि माझ्या स्वतःच्या कपाटात पुढच्या खेपेसाठी ठेवलेले किटही त्याच प्रकारचे आहे. तरीही इंजिनाचाच मोह होत असेल, तर प्रायमरच्या आधी इंजिन, चासी, बॉडी आणि बॉनेट हे चारही एकाच वेळी टेपने अडकवून पाहावे, एअर क्लीनर जागेवर ठेवून. याला पाऊण तास लागतो. तो पहिल्या दोन तासांतच काढावा, कारण प्रायमर बसल्यावर घासलेली प्रत्येक जागा पुन्हा प्रायमर मागते.