खुला निवारा की बालगृह?

फलाटावर राहणाऱ्या मुलासाठी 2015च्या बाल न्याय कायद्यात दोन्ही सोयी आहेत. खुला निवारा म्हणजे यावं, आंघोळ करावी, पोटभर जेवावं, वाटलं तर थोडे दिवस राहावं. बाटल्या वेचून चार पैसे कमावणारं, नशेसाठी ‘सोल्युशन’ (उग्र वासाचं रसायन) हुंगणारं पोरगं कुलूप दिसलं की पळतं. इथे निदान ताई-दादांशी ओळख होते, पाय स्थिरावतो. पण शाळेचं गाडं अडतं ते इथेच. आज दादरला दिसलेला मुलगा परवा सुरतेला. त्याचे पाढे कोण घोकून घेणार?

बालगृहात बालकल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांच्या काळजीचे निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीच्या, आदेशाने पाठवतात. साधारण अठरापर्यंत राहता येतं. शिक्षण हक्क कायद्यामुळे अकरा वर्षांचं, कधीच शाळा न पाहिलेलं मूलही वयानुसार वर्गात बसतं; राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणातून भरून काढायचा. कागदावर झकास! पण मोठ्या वसतिगृही बालगृहात एकेकाचं ऐकायला वेळ कुणाला? त्यापेक्षा एसओएस बालग्राम या संस्थेची रीत मला उजवी वाटते: एक आई, मोजकी मुलं, एक घर.

सात-आठ वर्षांचं, घरचं कुणी न सापडणारं मूल असेल तर मी बालगृहच म्हणेन. पंधराच्या, स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या पोराला मात्र आधी निवारा. बालगृहाचं नंतर, त्याच्याशी बोलून.