क्रिप्टोलीमसची डबी: जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासाठी घ्यावी का?

घ्यावी, पण भुंगेरे नव्हे, अळ्या मागवाव्यात. क्रिप्टोलीमस म्हणजे पिठ्या ढेकूण (मिलीबग) खाणारा छोटा भुंगेरा; तो आणि त्याच्या अळ्या डबीतून विकत मिळतात. साबणपाण्याने पिठ्या ढेकूण आटोक्यात येतो, संपत नाही. पानांच्या बेचक्यात, मेणकट कापसाखाली त्याची अंडी शाबूत राहतात. क्रिप्टोलीमस नेमका तिथे शिरून खातो. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात 1898 साली आणलेला. भुंगेऱ्याला पंख असतात, त्यामुळे गॅलरीच्या ग्रिलमधून तो सहज निघून जातो. अळी झाडावरच राहते. सोसायटीच्या बागेत मात्र भुंगेरेच बरे, ते तिथे अंडी घालून पुढची पिढी उभी करतात.

डबी हातात पडली की त्याच संध्याकाळी सोडा. उपाशी अळ्या एकमेकींना खातात. ढेकूण जिथे दाट आहे त्या फांदीवरच मऊ ब्रशने एकेक ठेवा. आधीचे काही आठवडे रासायनिक फवारणी नको; इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक झाडात मुरलेलं असेल तर पैसे पाण्यात गेले म्हणून समजा.

सगळ्यात जास्त डब्या फुकट जातात त्या मुंग्यांमुळे. ढेकणाच्या गोड चिकट स्रावासाठी त्या त्याची राखण करतात आणि अळ्यांना हुसकावतात. खोडावर कागदी पट्टी गुंडाळून तिला व्हॅसलिन फासा, भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवण्याचा उपाय मुंबईत नको. डासांच्या अळ्या सापडल्या तर महापालिकेची नोटीस येते.

दुसरा घोटाळा ओळखण्याचा. अळीच्या अंगावरही पांढरे मेणाचे धागे असतात, म्हणून लोक ढेकूण समजून तिलाच चिरडतात! धागे लांब, विस्कटलेले आणि काडी लावताच चटकन पळते, ती अळी. ढेकूण सुस्त असतो. डबीसोबत या दोघांचा फोटो असलेली चिठ्ठी देणारा विक्रेता निवडा. फरक दिसायला तीन-चार आठवडे द्या.

घरी वाढवायचे असतील तर देठासकट, खोल खाचांचा लाल भोपळा घेतात. त्याच्या जखमा मेणाने बुजवून त्यावर ढेकूण पोसायचा, साधारण 15 दिवसांनी भुंगेरे सोडायचे. नवे भुंगेरे निघायला आणखी महिना. चार कुंड्यांसाठी एवढा खटाटोप परवडत नाही, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत भोपळा त्याआधीच सडतो. मावा किंवा पांढऱ्या माशीसाठी ही डबी घेऊ नका. माव्यावर क्रायसोपर्ला या मावा खाणाऱ्या मित्रकीटकाच्या अंड्यांचं कार्ड मागवा.