ओपीएनसेन्स फायरवॉल: लहान ऑफिसला भरवशाची, पण व्हीलॅन नीट केले तरच

पंधरा-वीस कॉम्प्युटर, टॅलीचा सर्व्हर, आठ कॅमेरे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलेला वायफाय पासवर्ड, हे सगळं इंटरनेटवाल्याने दिलेल्या एकाच राउटरवर चालतं, अशी ऑफिसं गल्लोगल्ली आहेत. त्यांनी ओपीएनसेन्स ही फायरवॉल, म्हणजे इंटरनेट आणि ऑफिसच्या नेटवर्कमधला पहारेकरी, जरूर बसवावी.

पीएफसेन्स या दुसऱ्या फायरवॉलपासून २०१५ मध्ये वेगळं झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतं आणि नेदरलँड्सची डेसिसो कंपनी ते सांभाळते. दरवर्षी लायसन्सचे पैसे भरावे लागत नाहीत. इंटेलचे लॅन पोर्ट असलेला छोटा पीसी, ८ जीबी रॅम आणि १२० जीबी एसएसडी एवढ्यात काम भागतं. इन्स्टॉल करताना झेडएफएस ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) निवडा. अचानक वीज गेली तर यूएफएस या दुसऱ्या पर्यायापेक्षा ती जास्त तग धरते. पहिल्याच दिवशी लोक अडकतात ते पत्त्यावर. ओपीएनसेन्सचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि बऱ्याच राउटरचाही तोच. दोन्ही बाजूंना पत्त्यांची एकच रेंज आली की नेट चालत नाही. राउटर ब्रिज मोडमध्ये (फक्त सिग्नल पुढे देणारा) टाकून पीपीपीओई, म्हणजे इंटरनेटवाल्याचं लॉगिन, ओपीएनसेन्सवर घ्यावं, किंवा निदान आतली रेंज बदलावी.

खरी किंमत वसूल होते ती व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकाच वायरिंगवर केलेल्या वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये. त्यासाठी मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच लागतो, त्यात कंजुषी नको. हिशेबाचे कॉम्प्युटर व्हीलॅन १० वर, कॅमेरे २० वर, पाहुण्यांचा वायफाय ३० वर. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) एका मशीनमधून दुसऱ्यात पसरतं ते बहुधा ४४५ (फाइल शेअरिंग) आणि ३३८९ (रिमोट डेस्कटॉप) या पोर्टवरून, म्हणजे जोडणीच्या क्रमांकाच्या दारांवरून. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय ४४५ वरूनच पसरला. दोन व्हीलॅनमधली वाट बंद असली तर पाहुण्याचा लॅपटॉप टॅलीपर्यंत पोचत नाही. मात्र एकाच व्हीलॅनमधली दोन मशीन आपसात बोलतात ते फायरवॉलला दिसतच नाही, म्हणून विंडोजची स्वतःची फायरवॉल चालूच ठेवा.

नवीन व्हीलॅनवर एकही रूल (नियम) नसतो, त्यामुळे सगळं बंद असतं. नियम वरून खाली तपासले जातात आणि जो आधी जुळेल तो लागतो. पाहुण्यांसाठी क्रम असा: आधी फायरवॉलच्या ५३ पोर्टवर डीएनएसला (साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेला) परवानगी, मग फायरवॉलकडे जाणारं बाकी सगळं बंद, मग १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ या आतल्या नेटवर्कच्या रेंज बंद, आणि शेवटी बाकी सगळं चालू. डीएनएसचा नियम खाली गेला की "नेट बंद आहे" म्हणून फोन येतो. "सगळं चालू" वर गेलं तर कुणाची तक्रारच येत नाही, आणि तेच जास्त धोक्याचं.

सुरिकाटाचं, म्हणजे घुसखोरी पकडणाऱ्या भागाचं, कौतुक फार होतं. आज बहुतेक ट्रॅफिक एन्क्रिप्टेड असतं. आतला मजकूर त्याला दिसत नाही. रूलचे सगळे संच एकदम चालू केले तर वेग पडतो आणि खोट्या इशाऱ्यांचा पूर येतो. आधी महिनाभर फक्त अलर्टवर ठेवा. ब्लॉक करायचं झालं तर इंटरफेसवरचं हार्डवेअर ऑफलोडिंग (नेटवर्क कार्डने स्वतःच करायचं काम) बंद करा. लहान ऑफिसला त्यापेक्षा अनबाउंडमधली (ओपीएनसेन्सच्या डीएनएस सेवेतली) डीएनएस ब्लॉकलिस्ट अधिक उपयोगी पडते.

कॅमेरेवाला मोबाइलवर डीव्हीआर दिसावा म्हणून पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून थेट आत येणारी वाट) मागेल. देऊ नका. त्याऐवजी वायरगार्ड हा व्हीपीएन (बाहेरून आत येण्याचा सुरक्षित मार्ग) यूडीपी पोर्ट ५१८२० वर लावा. बाहेरून जोडणी होत नसेल तर वॅनचा (इंटरनेटकडच्या बाजूचा) पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. स्टॅटिक आयपी घ्यावा लागेल.

लॉगकडे, म्हणजे फायरवॉलने ठेवलेल्या नोंदींकडे, दुर्लक्ष नको. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग ठेवायचे असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. ओपीएनसेन्सची मूळ सेटिंग ३१ दिवसांची आहे, ती वाढवा. लॉग रिमोट सिसलॉगने (लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवायची सोय) एनएएसवरही (नेटवर्कवरच्या वेगळ्या स्टोरेजवरही) पाठवा, कारण एसएसडी गेली तर तिच्यावरचे लॉगही जातात. सगळ्या मशीनची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची सोय) जुळवा. वेळा जुळल्या नाहीत तर कोणत्या मशीनपासून घटनेची सुरुवात झाली ते त्या लॉगवरून शोधता येत नाही.