दोन डोंगरांच्या मधला मंगळवार : ठाण्यात अर्धा दिवस रिक्षा ठरवली, त्याचा अनुभव

सोमवारी वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट चढून-उतरून आलो. बुधवारी पहाटे माहुली गडाला निघायचं होतं. मधला मंगळवार पायांना विसावा म्हणून मोकळा ठेवला होता. मी अठ्ठावन्न वर्षांची, सोबत हे आणि वन्सं. मुक्काम नौपाड्यात लेकीकडे. दिवसभर लोळून राहिलं की दुसऱ्या दिवशी गुडघे जास्तच आखडतात, हे मला अनुभवाने माहीत आहे. म्हणून ठरवलं, शहरातली देवळं बघायची, पण चालायचं फक्त देवळात.

आधी मोबाइलवरून गाडी बघितली. एका कंपनीने आठ तासांचंच पॅकेज सांगितलं, वर थांबण्याचे पैसे वेगळे. लेक म्हणाली, कोपऱ्यावरच्या स्टँडवर विचार. तिथल्या एका रिक्षावाल्या काकांशी बोलले : साडेआठ ते साडेबारा, चार तास, सातशे रुपये, थांबणं धरून. निघायच्या आधीच आकडा स्पष्ट झाला, त्यामुळे पुढे दिवसभर मनात हिशेब चालू राहिला नाही.

पहिल्यांदा घंटाळी देवी. मंगळवार असल्याने ओटीचं ताट घेतलेल्या बायकांची रांग होती, पण ती पटापट पुढे सरकत होती. तिथे दहाच मिनिटं.

खरा वेळ गेला कौपिनेश्वराला. जांभळी नाक्याच्या बाजारातून आत जावं लागतं आणि सकाळी तिथे भाजीच्या हातगाड्यांनी रस्ता अडलेला असतो. काकांनी रिक्षा बाजाराच्या अलीकडेच लावली आणि म्हणाले, "ताई, पुढे शंभर पावलं चाला, आत अडकलो तर अर्धा तास जाईल. आणि दर्शनाची घाई नका करू, मी आहे इथंच." चार तासांतला त्यांचा सगळ्यात चांगला सल्ला हाच.

देवळाच्या फरशीवर अनवाणी पाय टेकले आणि आदल्या दिवसापासून बुटात ठणकणारे तळवे एकदम शांत झाले. गाभाऱ्यातली पिंडी केवढी मोठी! माथ्यावर बेलाचं पान ठेवायला पुजाऱ्यांना हात चांगलाच लांबवावा लागत होता. पान ओलं होतं, ते घसरलं, त्यांनी पुन्हा उचलून ठेवलं, तळव्याने हलकेच दाबलं. मी ते बघतच उभी राहिले. सध्याचं देऊळ 1760च्या सुमाराचं, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलेलं. मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं घेतलं 1737 साली, म्हणजे त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आतलं हे काम. पुढे 1879 मध्ये लोकवर्गणीतून त्याची दुरुस्ती झाली. आवारात राम, मारुती, शीतलादेवी, दत्त आहेत आणि ब्रह्मदेवही आहे. ब्रह्मदेवाचं देऊळ सहसा कुठे बघायला मिळत नाही, तेव्हा ते चुकवू नका. वन्सं तिथे वीस मिनिटं बसून होत्या. नाणेघाटात तिथल्या दगडी रांजणापाशी बसल्या होत्या, तशाच.

बाहेर आलो, मासुंदा तलावाच्या कठड्यावर वारा खाल्ला आणि मामलेदारची मिसळ खाल्ली. यांनी हौसेने तिखट मागवली, मी मध्यम घेतली. माझं ऐका, मध्यमच घ्या. तर्रीची चव कळते आणि पाव दोन पुरतात. शेवटी उपवनच्या तळ्याकाठचा गणपती. तिथे झाडाखाली बसायला जागा आहे, समोर येऊरचा डोंगर. बारा वीसला घरी.

तक्रार एकच. रिक्षात मागे तिघं बसल्यावर पिशव्या मांडीवर घ्याव्या लागतात, आणि दुखऱ्या गुडघ्यांना पाय लांब करायला जागा मिळत नाही. दोघंच असाल तर उत्तम.

अंबरनाथलाही न्याल का, असं मी काकांना विचारलं होतं. त्यांना भाडं मिळालं असतं, तरी म्हणाले, "एवढ्या लांब रिक्षा कशाला? हाडं खिळखिळी होतील. लोकलने जा." म्हणून एक झोप काढून तीनच्या सुमाराला लोकलने गेलो, स्टेशनच्या पूर्वेकडून पुन्हा रिक्षा. देवळाला लागून वालधुनी वाहते, तिचा वास नाकाला झोंबतो आणि वाईट वाटतं. पण भिंतीपाशी उभं राहिलं की नजर दगडावरच खिळते. शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा शिलालेख आहे इथे, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. त्या शिलाहारांची राजधानी आमचं सकाळचं ठाणं, तेव्हाचं श्रीस्थानक.

गाभारा सभामंडपापेक्षा खोल आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. घाट उतरताना गुडघ्यांनी जो त्रास दिला होता, तो पहिल्याच पायरीला आठवला. भिंतीचा आधार घेत, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत उतरले. खाली गार आणि ओलं. वर बघितलं तर शिखर नाहीच, उघडं आकाश. तिथून पडलेला उजेड थेट पिंडीवर. वन्सं वरूनच हात जोडून होत्या. त्यांना म्हटलं, हळूहळू या, पण याच. त्या आल्या. येताना संध्याकाळच्या गर्दीच्या उलट दिशेची लोकल, त्यामुळे तिघांनाही बसायला मिळालं.

बुधवारी माहुलीसाठी आसनगावच्या पहिल्या गाड्यांपैकी एक पकडायची होती. काकांना आदल्या दिवशी नुसतं तोंडी सांगितलं होतं. पहाटे पावणेपाचला खाली उतरलो तर रिक्षा फाटकाशी उभी, आणि वन्संची मागच्या सीटवर राहिलेली प्रसादाची पुडी त्यांनी वर्तमानपत्रात नीट गुंडाळून पुढच्या खणात जपून ठेवली होती. स्टेशनपर्यंतचं भाडं मीटरप्रमाणेच घेतलं.