मायएसक्यूएलचा परफॉर्मन्स स्कीमा: गुळाचा एक हंगाम वापरून

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या काही गूळ अडत दुकानांचा हिशेब आम्ही लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर, मायएसक्यूएल ८.० या डेटाबेस सर्व्हरवर चालतो. सकाळी सौदे झाले की आवक, वजनं, दर भराभर चढतात आणि दुपारी शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) निघतात. नेमका तेव्हाच सर्व्हर रेंगाळायचा. दिवाळीपासून परफॉर्मन्स स्कीमा (सर्व्हरच्या कामाच्या नोंदी ठेवणारा मायएसक्यूएलमधलाच टेबलांचा संच) आणि त्यावर उभा असलेला सिस स्कीमा रोज वापरतोय.

वेगळं काही बसवावं लागत नाही. मायएसक्यूएल ५.६ पासून परफॉर्मन्स स्कीमा मुळातच चालू असतो. सर्व्हर आत काय करतोय, कुठं थांबलाय, हे टेबलांत दिसतं आणि साधा सिलेक्ट लावून वाचता येतं. पण कच्च्या टेबलांत वेळ पिकोसेकंदांत (सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागांत) असतो, वाचताना डोळे फिरतात. सिसमध्ये तेच आकडे सुटसुटीत मिळतात. ५.७ पासून तो सोबतच येतो, तिथूनच सुरुवात करा.

सगळ्यात कामाला आला तो सिसमधला इनोडीबी लॉक वेट्स हा व्ह्यू (टेबलासारखा वाचता येणारा तयार सिलेक्ट). पट्टी अडकली की कोण कुणामुळं थांबलंय ते एका ओळीत कळतं, अडवणाऱ्याला बंद करायची किल कमांडसुद्धा तयार मिळते. एका दुपारी मात्र अडवणाऱ्याच्या क्वेरीचा रकाना नल, म्हणजे रिकामा होता. म्हणजे ते कनेक्शन काहीच करत नव्हतं, नुसतं ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के करायचे बदल) उघडं धरून बसलं होतं. त्या कनेक्शनच्या थ्रेडवरून स्टेटमेंट हिस्टरी काढली (प्रत्येक थ्रेडची शेवटची १० स्टेटमेंट तिथं राहतात), तर तळाला दर दुरुस्तीचा अपडेट आणि पुढं बदल पक्का करणारं कमिटच नाही! दुकानातलं कुणीतरी स्क्रीन तसाच ठेवून जेवायला गेलं होतं. इतक्या नेमकेपणानं दुखणं दाखवणारी सोय फुकट हाताशी आहे, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

खटकतं ते एकच. हे सगळं मेमरीत राहतं. सर्व्हर रीस्टार्ट झाला की पाटी कोरी. म्हणून रोज रात्री डायजेस्टची समरी (एकसारख्या क्वेरींची एकत्रित आकडेवारी) मी दुसऱ्या टेबलात उतरवून ठेवतो. न वापरलेल्या इंडेक्सची (टेबलात शोध जलद करणाऱ्या सूचींची) यादीही शेवटच्या रीस्टार्टपासूनचीच असते. मार्चअखेरच्या अहवालाला लागणारा इंडेक्स नोव्हेंबरात बिनकामाचा दिसतो. तो लगेच ड्रॉप करू नका, आधी इनव्हिजिबल करून ठेवा, म्हणजे तो राहतो पण क्वेरी त्याला वापरत नाहीत. ८.० मध्ये ती सोय आहे आणि गरज पडली तर नव्यानं बांधत बसावं लागत नाही.

लहान मशीन असेल तर मेमरीकडंही लक्ष ठेवा. घेतलेली मेमरी हा स्कीमा सर्व्हर बंद होईपर्यंत सोडत नाही. किती घेतली ते शो इंजिन परफॉर्मन्स स्कीमा स्टेटसच्या शेवटच्या ओळीत दिसतं.