रायबंदर-चोडण फेरीबोट: पाचपैकी साडेतीन

'माणसं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत' हे वाक्य गोव्यात ऐकायचं असेल, तर संध्याकाळी कामं सुटायच्या वेळेला पणजीजवळच्या रायबंदरच्या धक्क्यावर उभं राहावं, जिथून मांडवीपलीकडच्या चोडण बेटावर जायची फेरीबोट सुटते. स्कूटरवाला कडेने पुढे घुसतो, मागचा हॉर्न दाबतो, आणि समाजाचा निकाल तिथल्या तिथे लागतो. त्यामुळे या सेवेचं परीक्षण नुसती बोट बघून होत नाही, रांगही बघावी लागते.

आधी बोट. जुलै 2025 पासून इथे रो-रो फेरी चालते. दोन्ही टोकांना फळका (धक्क्यावर टेकणारा रॅम्प) असल्यामुळे एका बाजूने चढायचं आणि दुसरीकडून सरळ उतरायचं, गाडी उलटी घ्यायची कटकट नाही. पायी आणि दुचाकीने जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. नदी परिवहन खात्याला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं तरी मान्य करावं.

आता चढण्याबद्दल, कारण बहुतेक घोळ तिथेच होतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटीला पाणी जास्त खाली जातं आणि फळका धक्क्याच्या शेवाळलेल्या, एरवी पाण्याखाली असणाऱ्या भागावर टेकतो. तिथे दुचाकीचा पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकलंच. पहिला गियर, मागचा ब्रेक, डावा पाय जमिनीलगत. फळका आणि उतार यांच्यात कोन पडतो, त्यात बुटक्या गाडीचा बंपर घासतो. खलाशी हात दाखवेल त्या रेषेत, अगदी सावकाश चढवा. बोटीवर इंजिन बंद, गाडी गियरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. स्कूटर साइड स्टँडवर सोडून कठड्याशी फोटो काढायला जाऊ नका. बोट धक्क्याला लागताना हिसका बसतो, स्टँड मिटतो आणि एक स्कूटर शेजारच्या तिघींना घेऊन आडवी होते. फळका पूर्ण टेकेपर्यंत पायी माणसांनीही साखळीपासून लांब राहावं. ही घाई मात्र नवी नव्हे, जुनीच खोड आहे.

समाज बिघडला असं म्हणणारे हमखास 1986 ची आठवण काढतात. 1970 साली सुरू झालेला मांडवीचा पूल त्या वर्षी 5 जुलैला कोसळला आणि पणजी आणि नदीपलीकडची बेती यांच्यातल्या वाहतुकीचा सगळा भार फेरीबोटींवर आला. तेव्हा लोकांनी कसं सांभाळून घेतलं, हे आजही सांगितलं जातं. खरं असेलही. पण संकटातली माणुसकी रोजच्या रांगेला लावून मोजणं बरोबर नाही.

जागेचा साधा हिशोब करून बघा. चार मीटरच्या आतली लहान मोटार सात चौरस मीटरच्या आसपास जागा खाते. तेवढ्यात पाच स्कूटर लागतात, किंवा पंधरा-वीस माणसं उभी राहतात. जिथे लोक चालत चढत, तिथे आता प्रत्येकाच्या बुडाखाली चाकं आहेत. भांडण वाढणारच, त्याला स्वभाव बिघडायची गरज नाही. आणि रुग्णवाहिका आली की हीच हॉर्न दाबणारी मंडळी पोलीस नसताना गाड्या मागे घेतात. मला विचाराल तर बिघडली आहे ती रांगेची मांडणी.

गुण तिथेच कापले. दुचाकी आणि चारचाकीच्या रांगांमध्ये धक्क्याच्या उतारापर्यंत पक्का कठडा हवा. रंगाचा पट्टा कुणी मानत नाही. भरती-ओहोटीच्या वेळांचा फलक वाचता येईल एवढा मोठा हवा. गोव्याच्या उत्तर टोकाच्या केरी-तेरेखोल फेरीला तर तो जीवनमरणाचा प्रश्न म्हणावा, कारण ओहोटीला तिथे वाळू वर येते आणि फेरी थांबते. वेळ न बघता तेरेखोलला गेलात, तर पाणी चढेपर्यंत किल्ला बघत बसा.

पूल बांधला की सगळं सुटेल, असं म्हणणाऱ्यांनी शिवोली-चोपडेचं उदाहरण बघावं. पूल झाला, फेरी गेली, गर्दी रस्त्यावर सरकली.

जायचंच असेल, तर चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यासाठी सकाळची पहिली फेरी धरा आणि गाडी रायबंदरलाच ठेवा. ऑगस्टमधल्या बोंदेराच्या, म्हणजे बावट्यांच्या उत्सवाच्या, शनिवारी शेजारच्या दिवाडी बेटावर मोटार नेण्याचा विचारही करू नका.